न ऐकता कापणे

धाकटीनं हार्ड डिस्कची वायर लॅपटॉपला जोडली, निळा दिवा लुकलुकेपर्यंत वाट पाहिली आणि वहिनींनी दिलेला चौकटीचा कागद शेजारी पसरला. अकरावं प्रकरण. कागदावर नेहमीसारखे दोन रकाने, कुठून कुठवर आणि काय. ‘३:१२ ते ३:१९, खोकला. ९:४० ते ९:५२, दाराची बेल. १७:०५ ते १७:३०, ओळ चुकली, पुन्हा वाचली आहे, पहिली कापणे.’ वहिनींनी जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांच्या यादीत एक आकडा तिरका नसे.

साठी उलटली तरी ती धाकटीच होती. हे नाव दादाचं. तो जाऊन वर्ष होत आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

निवृत्तीनंतर दादा अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. आतल्या खोलीत चारही भिंतींना जुन्या चादरी टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होत. बारा वर्षांचं ते वाचन या एका डिस्कमध्ये होतं. शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं, एका दीपगृहाच्या राखणदाराच्या आठवणींचं. अकरा प्रकरणं पुरी झाली होती आणि बारावं मध्येच थांबलं होतं. वाचनालयातल्या बाईंचा फोन आला होता, की झालेली प्रकरणं साफ करून द्या, पुढचं दुसरं कुणी वाचेल.

दादाचा स्वतःचा कम्प्यूटर त्याच्यामागोमाग महिनाभरात बंद पडला. राहिले दोन, एक वहिनींकडे त्यांची मुलगी ठेवून गेली तो आणि एक धाकटीचा लॅपटॉप. डिस्क दोन्हीकडे उघडायची, पण वहिनींच्या कम्प्यूटरवर नुसतं ऐकता यायचं. त्यावर काही बदलायला गेलं की तो नकार द्यायचा. दुरुस्तीवाल्यानं पाहून सांगितलं, दोन्ही कम्प्यूटर वेगळ्या जातीचे आहेत, दोन्हीकडे लिहिता यायला हवं असेल तर डिस्क एकदा पूर्ण पुसून नव्यानं तयार करावी लागेल. आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेऊ, मग पुसू, मग परत भरू, घाबरण्यासारखं काही नाही. ‘पुसू’ हा शब्द ऐकताच दोघी एकदम ‘नको’ म्हणाल्या. वर्षभरात त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

मग कामाची वाटणी झाली. सोमवार ते गुरुवार डिस्क वहिनींकडे. त्या पुस्तक मांडीवर घेऊन ऐकायच्या आणि कापायच्या जागा कागदावर लिहायच्या. शुक्रवारी धाकटी डिस्क आणि कागद घेऊन यायची आणि कापायची. देवाणघेवाण दारातच व्हायची, चार शब्दांत. ‘काढताना घाई करू नका, पडद्यावर आता काढा असं आलं की मगच काढा,’ असं दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं. वहिनींनी ते इतकं मनावर घेतलं, की त्या कम्प्यूटर पूर्ण बंद करून वर दहा मिनिटं थांबायच्या, आणि तोवर धाकटी जिन्यात ताटकळायची.

आता तिनं एकेक नोंद कापत आणली. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, समासात खूण असली की मजकूर उडवायचा, का म्हणून विचारायचं नाही, हे हाताच्या अंगवळणी पडलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याची टाकी घासत होतं. शेवटून दुसरी नोंद आली.

‘४२:१० ते ४३:२०. न ऐकता कापणे.’

तिनं कागद उचलून जवळ धरला. अक्षर तेच, पेन्सिल तीच. फक्त ‘न ऐकता’खाली रेघ ओढलेली होती, आणि ती पट्टीनं ओढलेली नव्हती.

तिनं तेवढा तुकडा पडद्यावर निवडला. बोट पुसण्याच्या बटणावर नेलं. आणि मग वर्षभर पोटात धुमसत होतं ते वर आलं. अजून लपवायचं उरलंच आहे का यांचं? तिनं बोट उचललं आणि हेडफोन कानाला लावला.

दादा वाचत होता. दीपगृहाच्या पायऱ्या, तेलाचे डबे, पाठीला लागणारी कळ. मग खोकला, लांबलेला, छातीच्या तळातून येणारा. खुर्ची करकरली. पावलं आली.

“बास झालं आता. पाणी घ्या,” वहिनींचा आवाज. “मी वन्संना फोन करते. त्यांना तरी कळू दे.”

“नाही.”

“अहो, सख्खी बहीण आहे.”

“म्हणूनच. ती धावत येईल. मला उचलून नेईल, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे. मला आता सुया नकोत, तपासण्या नकोत. तुला मी नाही म्हणू शकतो. तिला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. शब्द दे मला.”

 रस्त्यावरून एक जड गाडी गेल्याचा आवाज आला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या. 

“हे रेकॉर्ड होतंय बघ. नंतर काप.” आणि दादानं घसा खाकरून वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं.

धाकटीनं हेडफोन काढला. तिला दवाखान्यातला तो लांब पॅसेज आठवला. दादाची शुद्ध जाऊन दोन दिवस झाले होते आणि तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं होतं. भाची, शेजारी, नर्स, सगळ्यांच्या देखत ती वहिनींना म्हणाली होती, “मला वेळेवर कळवलं असतंत तर मी त्याला कुठेही नेलं असतं. तुम्ही त्याला मरू दिलंत.” वहिनी टॉवेलची घडी घालत होत्या. त्यांनी घडी पुरी केली आणि खिडकीकडे पाहत राहिल्या. त्यानंतर या विषयावर चकार शब्द नाही. आणि सगळा वेळ त्यांच्या बाजूचा साक्षीदार, हा तुकडा, त्यांच्याच घरात, आठवड्यातले चार दिवस, त्यांच्या टेबलावर.

ती रडली. तोंडावर हात दाबून, शेजारी ऐकतील म्हणून. मग तिनं तो तुकडा पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला. त्याची प्रत आपल्यापाशी ठेवावी असं वाटलं. शेवटी दादा तिच्याबद्दल एवढं दुसरीकडे कुठे बोलला होता? तिनं लॅपटॉपवर नवा फोल्डरही उघडला, पण त्याला काय नाव द्यावं ते सुचेना. प्रत ठेवणं म्हणजे वहिनींचं वाक्य त्यांच्या कुलपातून चोरून आणल्यासारखं वाटलं. तिनं फोल्डर बंद केला, तुकडा पुसला आणि प्रकरण साठवून टाकलं. जोड कुठे आहे ते आता कुणालाही कळलं नसतं.

सोमवारी वहिनींनी दार उघडलं. डिस्क घेतली, वायर नीट गुंडाळली आहे ना ते पाहिलं.

“सगळं झालं?”

“झालं.”

“ते बेचाळीसाव्या मिनिटाचं?”

“कापलं.”

“ऐकलं नाहीत ना?”

“नाही. तुम्ही लिहिलं होतंत ना.”

वहिनींचे खांदे थोडे खाली आले. धाकटी वळली, चार पायऱ्या उतरली आणि थांबली. तसंच निघून जायला हवं होतं. पण ती परत वर आली.

“वहिनी, मी त्या दिवशी दवाखान्यात जे बोलले...”

“कुठलं कुठे काढलंत.”

“ते मी बोलायला नको होतं.”

वहिनींनी तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेतल्या पोरीच्या वहीत दुसरीचं उत्तर सापडावं, तसं.

“ऐकलंत तर,” त्या म्हणाल्या.

धाकटीनं होकारार्थी मान हलवली. “मला लागेल म्हणून लिहिलंत ना, न ऐकता काप म्हणून? त्यानंच मला बाहेर ठेवलं, हे मला कळू नये म्हणून. एवढं ऐकून घेतलंत माझं, पण...”

“तुमच्यासाठी नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “इतकी चांगली नाही मी. त्यात मी बरं म्हणते ना, ते कुणी ऐकायला नको होतं मला. ह्यांचं काय, आजारी माणूस वाटेल ते मागतं. मी बरं म्हणायला नको होतं. तुम्ही दवाखान्यात बोललात ते सगळं खरंच बोललात. मी काय उत्तर देणार होते?”

 एक वाक्य परत घ्यायला धाकटी जिना चढून आली होती, आणि इथे ते वर्षभर खरं म्हणून जपून ठेवलेलं होतं.

“मीसुद्धा बरंच म्हणाले असते,” ती म्हणाली.

“तुम्ही नसता म्हणालात,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

धाकटीला यावर खोटं बोलता आलं नाही. तिनं कठड्यावर हात ठेवला. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

“बारावं तेवीस मिनिटांचंच आहे,” वहिनी म्हणाल्या. “दोन महिने झाले, मी लावते आणि बंद करते. एकटीनं ऐकवत नाही.”

त्या दारातून बाजूला झाल्या, आणि धाकटी आत गेली.