चार हजार एकशे बारा

बाबांनी आयुष्याची बत्तीस वर्षं फोटोंच्या लॅबमध्ये, लाल दिव्याच्या उजेडात काढली होती. लॅब बंद पडून जमाना झाला, पण डोळा अजून तसाच चोखंदळ. त्यांच्यासोबत साधा टॉर्च घ्यायला जायचं म्हटलं तरी घरचे काहीतरी कारण काढून सटकायचे. दहा वेळा पेटवणार, दहा वेळा विझवणार, आणि शेवटी ‘बघू’ म्हणून निघणार. आज तर जुना, दुरुस्त करून विकायला ठेवलेला कॅमेरा घ्यायचा होता. दुकानदाराची काही धडगत नव्हती.

कॅमेरा लेकीसाठी होता. ती दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची, आणि आज तिच्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद होता. कारण तिचा दादा. दादा लग्न झाल्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा आणि लोकांच्या लग्नांचे फोटो काढायचा. लहानपणी सतत घरभर घोंघावत असायचा, म्हणून घरी त्याचं नाव भुंगा. गेल्या रविवारी तो फोनवर म्हणाला होता, “कामं इतकी आहेत बाबा, एकटा पुरत नाही. जोडीला कुणीतरी बघावं लागणार.” लेकीने ते ऐकलं आणि ठरवून टाकलं. बाहेरचा माणूस कशाला, मीच जाते. दादाला आधी सांगायचं नाही, कॅमेरा गळ्यात अडकवून थेट त्याच्या दारात उभं राहायचं. कागद आज पाचच्या आत डॉक्टरांच्या हातात द्यायचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं बाबा एकदा म्हणाले खरे. पण आतून त्यांनाच गुदगुल्या होत होत्या. दोन्ही पोरं एका धंद्यात, तोही फोटोचा.

दुकानात बाबांनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवून पाहिला. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात धुळीचे ठिपके शोधले. मुठीखालचं रबर नखाने उचकटतंय का ते पाहिलं. दुकानदार जांभया देत उभा होता.

“तुझ्या दादाचा अगदी हाच,” बाबा लेकीला म्हणाले. “मीच घेऊन दिलेला. मॉडेल जुनं झालं, पण दणकट आहे.”

“किती चाललाय ते तर बघा,” म्हणत दुकानदाराने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. आजवर किती फोटो काढले, त्याचा आकडा कॅमेरा स्वतःच्या पोटात ठेवतो. “चार हजार एकशे बारा. काका, हा दीड लाख फोटो सहज काढतो. हा तर अजून बाळ आहे.”

बाबांची कळी खुलली. लॅबमध्ये त्यांचा एक नेम होता. रोल आला की आधी त्यावर नाव, मग बाकी सगळं. नाव नसलेला रोल बेवारशी. कॅमेऱ्यालाही त्यांनी तोच नेम लावला होता. कॅमेऱ्याच्या मेनूत मालकाचं नाव टाकायची जागा कुठे असते, हे त्यांना पाठ होतं.

“बाबा, माझं पूर्ण नाव घाला हं,” लेक म्हणाली.

त्यांनी ती जागा उघडली. तिथे आधीच एक नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, भुंगा. त्यापुढे एक मोकळी जागा सोडून बाबांच्याच लॅबचं नाव. ते त्यांनी स्वतः टाकलं होतं, तीन वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून.

बाबांनी दुकानदाराकडे पाहिलं.

“हा तुमच्याकडे कधी आला?”

“झालं की सव्वा वर्ष. एक मुलगाच खोक्यासकट देऊन गेला. म्हणाला, जमलं नाही.”

सव्वा वर्ष. म्हणजे साठ-पासष्ट रविवार. दर रविवारी भुंगा एक नवं लग्न सांगायचा, कुठे रुसलेली नवरी, कुठे हरवलेल्या अंगठ्या. बाबा विचारायचे, “लेन्स पुसतोस ना?” आणि तो म्हणायचा, “पुसतो बाबा.” एका लग्नात दोन हजार फोटो निघतात, हेही त्यानेच सांगितलेलं. म्हणजे दोन लग्नं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ चार हजार एकशे बारावर उघडली होती. पोरगं खोटं बोललं याचा त्यांना राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. फोटोचं वेड पोराला होतं कधी? ते बाबांचं होतं, आणि त्यांनी ते खोक्यात घालून त्याच्या हातात दिलं होतं.

त्यांनी मोबाइल काढून भुंग्याला फोन लावला.

“बाबा, शूटवर आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “कॅमेरा हातात आहे. नंतर बोलू?” मागे ट्रे आपटल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी ओरडलं, चार नंबरचं टेबल पूस लवकर.

हातात माझ्या आहे रे, असं बाबांच्या ओठांवर आलं होतं.

“बरं. जेवलास का?” त्यांनी विचारलं.

“हो हो. ठेवतो.”

“दादाला सांगून तर नाही ना टाकलंत?” लेक हसत म्हणाली. तिने घड्याळ पाहिलं. साडेचार होत आले होते. कॅमेऱ्यात खोट आहे म्हणावं, तर ही उद्या दुसऱ्या दुकानातून घेईल. मूग गिळून बसावं, तर अर्ध्या तासात नोकरी जाईल. पोराची लाज झाकावी की पोरीची भाकरी वाचवावी, हे ठरवताना बाबांना आपण फार म्हातारे झालो असं वाटलं. त्यांनी कॅमेऱ्याचा मागचा पडदा तिच्यासमोर धरला.

तिने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग तिने पर्सची चेन, जी उघडीच होती, हळूच ओढून बंद केली.

“वहिनीला माहीत असेल?” तिने विचारलं.

दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक हातचं जातंय. “काका, विचार कसला करताय? असा पीस पुन्हा मिळायचा नाही. जवळजवळ वापरलेलाच नाही हो.”

“तेच तर,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला.