खांदेरीच्या पोरींची बर्फाची पेटी

मित्रांनो, आधी ती नाकं सोडा बघू. वास येतो, माहीत आहे मला. वर्षानुवर्षं पापलेट आणि बोंबील पोटात घेऊन बसलात, तर तुमच्या अंगालाही काही अत्तराचा वास येणार नाही. मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. बाहेरून निळी, आतून कधीकाळी पांढरी. माझा एक कोपरा फुटलेला आहे आणि झाकणाची बिजागरी गेली म्हणून तिथे नायलॉनची दोरी बांधली आहे. रूपाचं काय घेऊन बसलात! पगारी कबड्डी संघाबरोबर गावोगाव हिंडलेली मासळीची पेटी अख्ख्या थळ गावात एकच, आणि ती मी. एवढा तोरा मला शोभतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडले आणि टेम्पोत चढले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सगुणाबाईच्या दारात. सगुणाबाई म्हणजे थळच्या कोळीवाड्यातली मासळीवाली. तिने मला आणलं त्या दिवशी हळदकुंकू लावलं आणि माझ्या झाकणावर हात फिरवला. रोज पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, एक थर बर्फ, एक थर मासळी, पुन्हा बर्फ, असं मला भरायचं आणि अलिबागच्या बाजारात जाऊन बसायचं. कोणी गिऱ्हाईक उगाच माझं झाकण उघडून बघायला लागलं की सगुणाबाई कडाडायची, "झाकन ठेव गो! बर्फ काय तुझ्या सासऱ्यान दिलाय?" पण मासळी घेऊन गेलेली गिऱ्हाइकं परत यायची. सगुणाच्या पेटीतली सुरमई दुपारीसुद्धा सकाळसारखी असते, असं तीच गिऱ्हाइकं म्हणायची. ते ऐकून माझं पोट आणखी गार व्हायचं.

मग एकदा टेम्पोची दोरी सुटली. मी रस्त्यावर आपटले आणि माझा कोपरा फुटला. बर्फाचं पाणी गळायला लागलं. सगुणाबाईने थोडे दिवस चिंधी कोंबून काम चालवलं, पण धंदा म्हणजे धंदा. नवी लाल पेटी आली आणि मी घरामागे शेवग्याखाली गेले. तिथे एका कोंबडीने माझ्यात अंडी घालायला सुरुवात केली. पापलेटवरून अंड्यांवर! काय दिवस आले म्हणून मला फार वाईट वाटलं. तरी एक सांगते, कोंबडीने मला कधी नावं ठेवली नाहीत.

मला तिथून बाहेर काढलं ते कल्पिताने. कल्पिता सगुणाबाईची धाकटी मुलगी. काळीसावळी, उंच, पायात वारा भरलेला. ती कबड्डी खेळायची, आणि ती काही गल्लीतली कबड्डी नव्हती. आपल्या किनाऱ्यावर मुलींची एक लीग सुरू झाली होती. त्यात थळच्या संघाचं नाव होतं खांदेरी. बोटींची इंजिनं विकणाऱ्या एका शेठनी संघ उभा केला होता आणि मुलींना महिन्याला पगार मिळत होता. सगळ्या मुली कोवळ्या, नुकत्या शाळेतून बाहेर पडलेल्या. पहिल्या वर्षी त्यांनी काय केलं? सपाटून मार खाल्ला. एकूण एक सामना हरल्या आणि सगळ्यात खाली राहिल्या. लीगचा नियम असा, की सलग दुसऱ्या वर्षी जो संघ तळाला जाईल तो लीगमधून बाहेर. म्हणजे या वर्षी पुन्हा तळाला गेल्या असत्या, तर खांदेरी संपली असती आणि मुली आपापल्या घरी गेल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी हरेश्वर सर शिकवायला आले. सर एकेकाळी मोठे खेळाडू होते आणि आता त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरत होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सरावानंतर सुजलेले पाय बर्फात घालायचे. बर्फ कुठे मिळेल?"

मुली हसायला लागल्या. थळमध्ये बर्फ कुठे मिळेल! कल्पिता म्हणाली, "सर, बर्फही आहे आणि पेटीही आहे. फक्त कोंबडीला उठवावं लागेल."

तिने मला साबणाने घासलं, लिंबाने घासलं, तरी वास राहिलाच. सगुणाबाई दारातून ओरडली, "ती फुटकी पेटी कशाला नेतेस गो? लोक हसतील." लोक हसलेच. दुसऱ्या संघाच्या मुली आम्हाला बोंबील संघ म्हणायच्या. पण मला काय त्याचं! शेवग्याखालून थेट मैदानात आले होते मी.

मैदानात आल्यावर मी मुलींना पायांनी ओळखायला लागले. कल्पिताचे पाय लांब, टाचा भेगाळलेल्या, बर्फात सुद्धा न थरथरणारे. पूर्वी नावाच्या पोरीचे पाय छोटे आणि भित्रे. ही पोरगी श्रीवर्धनची, सुपारीच्या वाडीतली. हिच्या घरात मासळी शिजत नाही. पहिल्या दिवशी ओढणी नाकाला लावून तिने माझ्यात एक बोट घातलं आणि अशी किंचाळली की झाडावरचे कावळे उडाले. बचावात ती चांगली होती, घोट्याला अशी मिठी मारायची की समोरची सुटत नसे. पण चढाईला गेली की तिचा दम तुटायचा. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पाऊल टाकलं की घाबरून तिचं 'कबड्डी कबड्डी' मधेच अडकायचं आणि पंच शिट्टी फुंकायचे.

हरेश्वर सरांनी तिला एक विचित्र शिक्षण दिलं. ते म्हणाले, "पूर्वी, पाय पेटीत घाल आणि दम लाव. बर्फ चावला तरी दम सोडायचा नाही."

गार बर्फात पाय गेला की माणसाचा श्वास आपोआप वर ओढला जातो. पूर्वीचा पण जायचा. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. सगळ्या मुली भोवती बसून ओरडायच्या, "सोडू नको, सोडू नको!" आणि कल्पिता तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याबरोबर पुटपुटायची. हळूहळू पूर्वीचा दम माझ्यात लांबत गेला. खरं सांगू? पापलेट ताजं ठेवल्याचं मला कधी इतकं सुख झालं नव्हतं.

संघही हळूहळू सुधारत गेला. मुली पहिला सामना हरल्या, पण गेल्या वर्षीसारखा वीस-पंचवीस गुणांनी नाही. दुसरा अगदी थोडक्यात हरल्या. मग एक सामना जिंकल्या आणि टेम्पोत इतका गोंधळ घातला की माझं झाकण वाजवून वाजवून त्याला चीर पाडली. अशी चीर पडायला भाग्य लागतं.

पण जिंकत होतो ते बहुतेक कल्पिताच्या जिवावर. अडचण आली की सगळ्या तिच्याकडे बघायच्या, आणि ती चढाईला जायची. एका सामन्यात तिला तिघींनी मिळून पाडलं आणि तिचा उजवा गुडघा आतल्या आत पिळवटला. ती उठली, हसली, म्हणाली, "काही नाही, मुरगळलाय थोडा."

ते खोटं होतं. ती गुपचूप अलिबागच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी काय सांगितलं ते तिने कोणालाच सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. माणसं एकटी असली की मांजराशी बोलतात, भिंतीशी बोलतात, ती माझ्याशी बोलली. गुडघ्याच्या आतला बंध अर्धा फाटला होता. विश्रांती घेतली तर भरून येणार होता. खेळली तर पुरता तुटणार होता, आणि मग कबड्डी कायमची बंद.

"पण मी थांबले तर संघ तळाला जाईल गं," असं ती मला म्हणाली आणि गुडघा माझ्यात बुडवला.

त्या दिवसापासून ती रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची. गुडघा बधिर होईपर्यंत बर्फात ठेवायची. बधिर झाला की दुखायचं थांबायचं, आणि दुखायचं थांबलं की तिला वाटायचं, बरं झालं. कोळ्याची पोर ती! लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं, की बर्फात ठेवलं की वस्तू बिघडत नाही. मला ओरडावंसं वाटायचं. पण पेटीला तोंड असून बोलता येत नाही मित्रांनो, ते तोंड नुसतं उघडतं आणि मिटतं. तिचे गरम अश्रू माझ्या बर्फावर पडायचे आणि मी ते झेलत राहायचे.

शेवटचा सामना मांडव्याजवळच्या मैदानात होता. हिशोब सोपा होता. जिंकलो तर खांदेरी राहणार, हरलो तर तळाला जाऊन संपणार. त्या दुपारी बर्फ घेऊन सगुणाबाई स्वतः आली होती, मुलीचा सामना पहिल्यांदा बघायला. बाकड्यामागे तिने मला शोधलं, आणि माझ्या शेजारी तिला कल्पिता दिसली. गुडघा माझ्यात, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली.

सगुणाबाईने बर्फाची गोणी खाली टाकली. काही न विचारता तिने तो पाय बाहेर काढला आणि गुडघ्यावर बोटं फिरवली. मासळी दाबून पाहणारी बोटं ती, त्यांना कोण फसवणार?

"कवापासून हाय ह्यो असा?"

"आये, आजचा दिवस खेळू दे. फक्त आजचा."

"डाक्टर काय बोलला?"

कल्पिताने सगळं सांगितलं. सांगताना ती हुंदके देत होती. "आये, आज मी नाही खेळले तर संघ जाईल. पूर्वी वाडीत परत जाईल. सगळ्या घरी बसतील. आणि बर्फाने बरं वाटतं मला, खरंच."

सगुणाबाई तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिचा आवाज बाजारातला नव्हता. "बर्फान मासली टिकते गो बाय, जित्ती न्हाय होत. मी जल्मभर मेलेली मासली बर्फात ठेवली. तुजा पाय जित्ता हाय. त्याला दुखतंय, म्हंजे तो वरडतोय तुला. त्याचं तोंड नको दाबू."

कल्पिताने डोळे पुसले.

"मी सरांना सांगनार न्हाय," सगुणाबाई म्हणाली. "तू सांग. संघ तुजा हाय ना? मग संघापासून चोरतेस कशाला?"

कल्पिता माझी कड धरून उठली. मग लंगडत हरेश्वर सरांकडे गेली. सर ऐकताना लाल झाले. मला वाटलं आता फटके बसतात. पण ते मटकन बाकावर बसले आणि म्हणाले, "वेडे, माझे गुडघे बघ. मीही असंच कोणाला सांगितलं नव्हतं." मग त्यांनी हाक मारली, "पूर्वी! पहिली चढाई तुझी."

पूर्वीचा चेहरा पांढराफटक पडला. कल्पिता तिला म्हणाली, "बर्फ आहे असं समज. बस्स."

सामना मी पाहिला नाही. मी बाकड्यामागे, पुढे माणसांच्या पाठी. पेटीला पुढची खुर्ची कोण देणार? पण कल्पिता माझ्या झाकणावर बसली होती, पाय लांब करून, आणि तिचा हात माझ्या फुटक्या कोपऱ्यावर होता. त्या हातावरून मला सगळं कळत होतं, आणि उरलेलं तिने नंतर मला सांगितलं. सुरुवातीला आम्ही मागे पडलो, तेव्हा ती मला नखाने ओरबाडत होती. मग मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरून साखळी केली आणि समोरची एकेक चढाई अडवायला लागल्या. कल्पिता मैदानात नाही म्हटल्यावर प्रत्येकीला कळलं होतं, की आता जिच्याकडे बघायचं ती नाही, आपणच आहोत.

शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे झाले. अखेरची चढाई पूर्वीची. लोक एकदम शांत झाले. मला तिचा दम ऐकू आला, बारीक, कापरा, पण न थांबणारा. मग धप्पकन आवाज. तिला पाडलं होतं, तिच्यावर तिघी पडल्या होत्या. कल्पिताचा हात दगडासारखा झाला. आणि त्या ढिगाखालून 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी' येतच राहिलं. पूर्वी कोपरांवर सरपटत होती. मध्यरेषेला तिची दोन बोटं लागली तेव्हाही दम चालूच होता, कारण जिंकलो हे तिला कळलंच नव्हतं!

मग काय सांगू! सगुणाबाई बाजारातल्यापेक्षा मोठ्याने ओरडली. आणि कल्पिता माझ्यावर ओणवी होऊन ढसाढसा रडली. या वेळी ते आनंदाचं रडणं होतं, आणि तिचा गुडघा शाबूत होता.

कल्पिताने पुढचे महिने विश्रांती घेतली, व्यायाम केले, सरांच्या शिव्या खाल्ल्या. नव्या हंगामात ती परत आली आहे. मी आता फारच गळते. सकाळी भरलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो. तरी मुली मला टाकत नाहीत.

परवाची गोष्ट. संघात केसर नावाची नवी मुलगी आली आहे. सगळ्यांच्या आधी येऊन ती हळूच माझ्याकडे आली, घोटा सुजलेला. मागून कल्पिता आली.

"काय झालं?"

"काही नाही ताई, थोडंसंच आहे."

कल्पिता येऊन माझ्या झाकणावर बसली, चांगली मांडी घालून.

"ताई, उठ ना. बर्फ घेऊ दे."

"आधी सरांना सांगून ये," कल्पिता म्हणाली. "मग झाकण उघडते."

मित्रांनो, तुम्हीही दुखणं अंगावर काढू नका. बर्फ लागला तर माझ्याकडे जरूर या, वासाला नावं ठेवत या, चालेल. पण आधी कोणाला तरी सांगून या. केसर थोडी रुसली, थोडी घुटमळली, आणि मग लंगडत सरांकडे गेली. ती परत येईपर्यंत कल्पिता माझ्यावरून हलली नाही.