दोन बोटं सैल

दादाचा गळा साडेसोळाचा, पण सांगतो पंधरा. साठी जवळ आली तरी आरशासमोर पोट आत ओढतो आणि म्हणतो, पंधराच. मी मुकाट्यानं टेपच्या आत दोन बोटं घालून खरं माप घेते आणि कॉलरीत पंधराचं लेबल लावते. दोन बोटांची रीत बाबांची. लेबलाची लबाडी आम्हा दोघांची.

बाबांच्या दुकानात कात्री मी धरली आणि गल्ला यानं. बाबा गेले आणि पाटीवरचं माझं नाव यानं खरवडून टाकलं. "लग्न झालेल्या बहिणीचं नाव कशाला?" तेव्हापासून कॉलरी मी घरी शिवते आणि हा गिऱ्हाइकांना सांगतो, हात माझा.

मागच्या वर्षी दुकानात झटक्यात मान वळवली आणि धाडकन पडला. वहिनी माहेरी होती, म्हणून दवाखान्यात मी गेले. डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या आणि त्याची मान एका बाजूनं हलकेच दाबली. यंत्राची टिकटिक थांबली, दादाचे डोळे फिरले. बोट काढताच टिकटिक परत सुरू झाली.

"हृदयाला दोन प्रकारच्या नसा आवरतात," बाई म्हणाल्या. "एक पळवते, दुसरी थोपवते. दोघी आपल्याला विचारत नाहीत. मानेत रक्ताचा दाब जोखणारी एक जागा असते. तिथं दाबलं की तिला वाटतं, दाब वाढला. मग ती थोपवणारीला निरोप देते. यांची ती जागा फारच हळवी आहे. घट्ट कॉलर बंद!"

ही गोष्ट बाई, दादा आणि मी, आम्हा तिघांतच राहिली. दादाला त्याची लाज वाटते.

यंदा व्यापारी संघानं त्याला अध्यक्ष केलं. "ठेंगू, पाच शर्ट शिव," म्हणाला. "गळा पंधरा. भाषणात सांगणार आहे, बाबांची कला माझ्या हातात कशी उतरली ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी एका शर्टाच्या मापातून मी दोन बोटं काढून घेतली. शिवला, इस्त्री केली, खुंटीला लावला. मग चहा पिताना त्या शर्टाकडे बघत बसले. दादा मेला तर हार पडतील, बाबांशेजारी फोटो लागेल, पाटी त्याचीच राहील. मेला म्हणजे सुटलाच की! मग सूड घ्यायचा कुणावर?

कॉलर उसवली आणि पुन्हा शिवली.

समारंभाच्या दिवशी पाचही शर्ट घेऊन दुकानात गेले. दादा आरशासमोर उभा होता.

"यातल्या एकाचा गळा खरंच पंधरा आहे," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"घालून बघ."

तो हसला. मग हसू मावळलं. हात आपोआप मानेकडे गेला.

"वेडी झालीस का? काय हवंय तुला?"

"हवं होतं ते तू खरवडलंस."

"छाती केवढी धडधडतेय बघ माझी!"

"ती पळवणारी नस, दादा. तिला कॉलर लागत नाही, भीती पुरते."

संध्याकाळी सगळे व्यापारी गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते आणि अध्यक्षमहाशय उघड्या गळ्यानं, घामानं निथळत उभे. बाबांच्या कलेपर्यंत आले आणि अडले. पहिल्या रांगेत मी होते.

"कॉलरी... बहीण शिवते," तो म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, पण माझं पोट भरलं नाही. एका वाक्यानं इतकी वर्षं फिटत नाहीत.

आता हा रोज सकाळी कपाटासमोर उभा राहतो, असं वहिनी सांगते. शर्ट काढतो, कॉलरीत बोटं घालून बघतो आणि परत ठेवतो. स्वतः मोजायला यानं जन्मात टेप धरली नाही, आणि दुसऱ्या शिंप्याला दाखवायचे तर मान हळवी असल्याचं सांगावं लागेल. ते त्याच्यानं होत नाही.

पाचही गळे दोन बोटं सैल आहेत. दादाला हे सांगायची मला मुळीच घाई नाही.