हिरवा भोपळा

आमच्या ऑफिसच्या जिन्यावर रांग लागली होती. कुणी बंद पडलेला मोबाइल आणला होता, कुणी स्कूटरची किल्ली, आणि एका बाईंनी तर चक्क मिक्सर. अंकनाथ महाराजांनी कॉम्प्युटर बरा केला, ही बातमी दुपारपर्यंत लोणावळ्याच्या बाजारभर झाली होती. कॉम्प्युटर आमचाच.

आम्ही काय करतो ते आधी सांगते. इंटरनेटवर पट मांडून ठिकठिकाणची माणसं एकत्र खेळतात. त्या पटाला जोडायचं एक ॲड-ऑन आम्ही बनवलंय, ‘बोलता पट’. फासा काय पडला, सोंगटी कुठे सरकली, ते बोलून सांगतं. माझ्या ओवीला दिसत नाही. कॉलेजात असताना डोळे गेले आणि पोरगी घरात मुकी होऊन बसली. या पटावर ती मैत्रिणींशी भांडायला लागली, हसायला लागली. मला आणखी काही नको होतं.

मग पटवाल्या कंपनीने नवी आवृत्ती काढली आणि आमचं ॲड-ऑन कोलमडलं. आमच्याकडे चाचण्या आपोआप घेणारा प्रोग्राम आहे. तो स्वतःच फासे टाकतो आणि पट बरोबर बोलतो का ते बघतो. चुकलं की लाल, जमलं की हिरवं. कित्येक दिवस नुसतं लालच. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्ती गेली नाही तर कंपनी ॲड-ऑन काढून टाकणार होती. आमचा मालक शौनक जेवेनासा झाला होता. मी रडकुंडीला आले होते.

तेव्हा खालच्या चहावाल्या सोपानभाऊंनी महाराजांचं नाव काढलं. "औंढ्याकडचे हायेत. लय गुण येतो, ताई. बगा तरी."

आले महाराज. सर्व्हरला अंगारा लावला, शौनककडून फोल्डरांची नावं वाचून घेतली आणि ‘चाचणी’ म्हटल्याबरोबर डोळे मिटले.

"शनीचा अंक आहे हा. स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवा. व्हायब्रेशन बदलेल, दोष डिलीट होईल."

शौनकने ‘ए’ वाढवला, चाचण्या सुरू केल्या. क्षणात सगळं हिरवं. शौनकने पाय धरले. खोटं कशाला बोलू, माझेही हात अर्धे वर गेले होते.

जेवणानंतर शौनक दुरुस्ती पाठवायला बसला. रांगेतल्यांना चमत्कार बघायचा होता, म्हणून त्याने कौतुकाने चाचण्या पुन्हा चालवल्या. पुन्हा हिरवं. लोकांनी जयजयकार केला. ओवी माझ्या शेजारी बसली होती.

"आई, तो बोलला कुठे?"

"कोण?"

"पट. चाचणी चालू असली की बडबडतो ना, फासा सहा, सोंगटी डावीकडे. आता एक शब्द नाही."

आम्ही सगळे रंग बघत बसलो होतो. मी शौनकला बाजूला सारून खालची बारीक ओळ वाचली. घेतलेल्या चाचण्या, शून्य. चाचण्या ‘चाचणी’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात; प्रोग्राम तेच शोधत होता आणि ते नाव राहिलंच नव्हतं. काही सापडलं नाही, म्हणून काही चुकलंही नाही, म्हणून हिरवं.

हे सांगून कुणाला पटेना. मग मी अंगारा पुसून काढला, फोल्डरचं नाव ठेवलं ‘भोपळा’, आणि चाचण्या चालवल्या. हिरवं. रांगेतले पुढे सरकून पडदा बघू लागले.

"श्रद्धा नसेल तर गुण टिकत नाही," महाराज म्हणाले.

"आत्ता श्रद्धा न ठेवताच आला की," मी म्हटलं.

मिक्सरवाल्या बाई आधी निघाल्या. सोपानभाऊ मान खाली घालून म्हणाले, "आमी तर व्हय म्हनून बसलो." महाराज धूपदाणी तिथंच विसरून गेले.

मी खरं नाव परत ठेवलं. पडदा लालेलाल झाला आणि पट अडखळत बोलू लागला, फासा, फासा, फासा. शौनक तोंड झाकून रडला. हेच पाठवलं असतं, तर किती जणांचे पट मुके झाले असते.

उद्यापर्यंत जमेल की नाही, मला माहीत नाही. भीती वाटतेय, फार वाटतेय. पण कुणी नवसाचं, औषधाचं, गुप्तधनाचं हिरवं दाखवलं, तर पाया पडण्याआधी एवढं विचारा, तपासलं काय? लाल दिसलं तर निदान कुठे दुखतंय ते कळतं.

ओवीने स्पीकरला कान लावला. "फासा म्हटलं की अडकतो," ती म्हणाली. "आकडा येतच नाही त्याला. तिथून बघ ना, आई."

मी खुर्ची पुढे ओढली.