हरणाची तपासणी

बाण सुटला आणि झाडाच्या बुंध्यात रुतला. हरीण एका उडीत झुडपाआड पसार झालं. रमाकांतरावांनी कंट्रोलर मांडीवर आपटला.

“परत?” निरुपमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“वारा उलटा होता.”

टीव्हीतल्या जंगलातल्या वाऱ्यावर खापर फोडणारा नवरा अख्ख्या बडोद्यात आपल्याच वाट्याला आला, अशा नजरेनं त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कुकर बघायला परत आत गेल्या.

गेमचं हे मशीन दिवाळीत मोहनानं, त्यांच्या लेकीनं, पुण्याहून पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी होती : ‘बाबा, शेवटी माझं नाव येतं. फक्त शेवटपर्यंत खेळावं लागेल.’ ऐतिहासिक साहसांच्या एका मालिकेतला हा चौथा खेळ. राजाचा दूत डोंगरदऱ्या तुडवत जातो, किल्ला जिंकतो, मग खेळ बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकतात. पण किल्ल्यावर चढायला मोठा भाता हवा, भात्याला दोन हरणांची कातडी हवीत, आणि एकोणसत्तर वर्षांच्या या दूताच्या हाती दोन महिन्यांत एक ससासुद्धा लागला नव्हता.

मोहना इंजिनिअर झाली तेव्हा रमाकांतरावांनी मकरपुऱ्यात सगळ्या शिफ्टला पेढे वाटले होते. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासले. केसाइतका फरक असला तरी भाग परत; मालकाचा फोन आला तरी परत. आणि तीच मोहना पुढे चांगली नोकरी सोडून खेळातली जनावरं बनवायला गेली. “चित्रं काढायला शिकवलं का तुला?” असं ते एकदाच म्हणाले, पण तेवढं पुरलं. तेव्हापासून दोन वर्षं बापलेकीचं बोलणं हवापाणी आणि जेवणखाण यांपलीकडे गेलं नव्हतं. आपण चुकलो हे त्यांना आता सांगायचं होतं. पण आधी नाव दिसू दे, मग फोन करीन, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नुसतंच कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

त्यात घरचा कायदा आडवा आला. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशी या दिवशी शिकार बंद.

“अगं, ते खरं हरीण नाही,” रमाकांतरावांनी पहिल्याच गुरुवारी सांगून पाहिलं होतं.

“ज्या दिवशी घरात अंडं शिजत नाही, त्या दिवशी दिवाणखान्यात हरीण मरणार नाही. नुसते फिरा ने जंगलात. पाय मोकळे होतील.” बडोद्यात राहून निरुपमाबाईंच्या ‘ना’चा गुजराती ‘ने’ झाला होता.

म्हणून रमाकांतराव वाराच्या दिवशी नुसते फिरत. आज मात्र रविवार होता, कुकरमध्ये मटण होतं, आणि निरुपमाबाईंची काही हरकत नव्हती.

साडेअकराच्या सुमारास पाणवठ्यावर एक हरीण आलं. रमाकांतरावांनी श्वास रोखला, धनुष्य ताणलं. इतक्या जवळ कधीच कुठलं आलं नव्हतं. हरणानं मान खाली घातली. त्याच्या खांद्यावर एक माशी बसली, आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरली.

रमाकांतरावांनी धनुष्य खाली केलं.

“मारा ने!” दारातून निरुपमाबाई ओरडल्या.

“थांब.”

ते टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची ओढून बसले. माशी परत बसली, कातडी परत थरथरली. दूताला त्यांनी दबक्या पावलांनी हरणाच्या डावीकडे नेलं, मग मागे, मग उजवीकडे. वजन मागच्या पायावर गेलं की गुडघा किती वाकतो, कान कुठून वळतो, ओल्या खुराचा ठसा कसा उमटतो, एकेक करून सगळं पाहिलं. मकरपुऱ्यात एखादा भाग मनाजोगता जमून आला की ते असेच तोंडातल्या तोंडात गुणगुणत. निरुपमाबाईंनी ते गुणगुणणं कितीतरी वर्षांनी ऐकलं आणि कुकरखालचा गॅस गुपचूप बारीक केला. पोटभर पाणी पिऊन हरीण सावकाश निघून गेलं.

“फोन दे.”

“अहो, नाव कुठं आलंय अजून?”

“येईल तेव्हा येईल. तू फोन दे.”

मोहनानं उचलला. “बाबा? जेवलात का?”

“ते राहू दे. तुझ्या त्या हरणाच्या खांद्यावर माशी बसते, तिथली कातडी हलते. ते कोणी केलं?”

“मी केलं. तुम्हाला दिसलं?”

“पाऊण तास तपासत होतो. चूक काढायलाच बसलो होतो म्हण.”

“मग? सापडली?”

“हरणात नाही सापडली. एकदम सरस काम आहे.” त्यांनी घसा खाकरला. “माझ्यात सापडली, मोहना. तेव्हा मी तसं बोलायला नको होतं.”

पलीकडे मोहना हसली, पण हसू मध्येच ओलं झालं. निरुपमाबाई फोनला कान लावायला धावल्या.

“ऑफिसात सगळे म्हणत होते, माशी काढून टाक,” मोहना म्हणाली, “इतक्या बारकाईनं कोण बघणार आहे? मी म्हटलं, राहू दे. बडोद्यात एक जण बघेल.”