गाडीचे पाय धुणारे डॉक्टर

मित्रांनो, जवळ या, पण नाक दाबून. इंग्लंडातल्या मेडनहेड गावच्या एका गॅरेजमागे, कुजक्या पानांत आणि काळ्या तेलात पडलेली गंजकी लोखंडी चकती म्हणजे मी. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकामागेही माझ्यासारखी एक फिरत असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला चिमटीत धरतात, ती तापते आणि गाडी थांबते.

१९८६ साली मी डॉक्टर श्रीकांतांच्या लाल गाडीत आले, तेव्हा आरशासारखी लखलखीत होते. गाडी कशी अलगद थांबते, हे डॉक्टर पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पण त्यांच्या घरचा एक नियम होता. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय आत यायचे नाही, आणि तो त्यांनी गाडीलाही लावला. वेम्बलीच्या भारतीय दुकानांतून भाजी घेऊन यावे, मी तव्यासारखी तापलेली असावे आणि त्यांनी दारातच चाकांवर बादलीभर गार पाणी ओतावे. रस्त्यावरचे मीठ, ब्रेकची काळी भुकटी, चाकाला चिकटलेली कुत्र्याची घाण, सगळे माझ्या अंगावरून ओघळे. शी!

दोन हिवाळ्यांत मी वाकले. अगदी केसभर. पण तेवढ्याने ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागले.

डॉक्टरांच्या पत्नी सुनीतीबाईंनी नुकतीच ड्रायव्हिंग टेस्ट पास केली होती. सोमवारपासून त्यांना एका खेड्यातल्या लायब्ररीत नोकरी होती आणि तिथे बस जात नव्हती. राउंडअबाउटच्या गोल चौकापाशी स्टिअरिंग हलले, तेव्हा शेजारी बसलेले डॉक्टर म्हणाले, "हात कापतात तुझे. लायब्ररीला नाही म्हणून कळव."

त्यांच्या स्वतःच्या हातात स्टिअरिंग थरथरे, तेव्हा मात्र रस्ता खराब असे. तपासल्याशिवाय साधी गोळीही न देणारा हा माणूस! त्या घाणेरड्या पाण्यापेक्षा मला या बोलण्याची किळस आली.

शनिवारी सुनीतीबाईंनी गाडी याच गॅरेजमध्ये आणली. डॉक्टर हाताची घडी घालून सोबत होतेच. मेकॅनिक रवी इंग्लंडातच जन्मलेला, अडखळत मराठी बोलणारा. त्याने विचारले, "काकू, ऑल द टाइम हलते, का फक्त ब्रेकवर?"

त्यांनी आठवून पाहिले. "फक्त ब्रेकवर."

"मग हात नाही. हात ब्रेकला विचारून नाही कापत."

त्याने गाडी वेगाने पळवून पाहिली. स्टिअरिंग स्थिर. म्हणजे चाकांचा तोल ठीक होता. ब्रेक दाबला आणि ते थरथरले. मग चाक उतरवून त्याने माझ्या अंगाला एक काट्याचे माप टेकवले आणि मला हळूहळू फिरवले. काटा डुलू लागला.

"काका, गरम असताना पाणी मारता?"

सुनीतीबाई शांतपणे म्हणाल्या, "रोज. पाय धुतात तिचे."

मला आणि पलीकडच्या चाकातल्या माझ्या बहिणीला काढून नव्या चकत्या बसवल्या. डॉक्टरांनी किल्ली बायकोच्या हातात दिली.

"अहो, ती बादली आता गुलाबांना," एवढेच त्या म्हणाल्या.

आता माझ्यावरून गोगलगायी चिकट रेघा ओढत जातात. मित्रांनो, तापलेल्या चाकाला आधी निवू द्या, मग धुवा. आणि काही थरथरले, तर कुणाच्या हातांना दोष देण्याआधी ते केव्हा थरथरते, एवढे विचारा.

त्या सोमवारी सकाळी कोपऱ्यावर लाल गाडीचा ब्रेक लागला. इंजिनाचा आवाज मी ओळखला. गाडी अलगद थांबली, वळली आणि लायब्ररीच्या रस्त्याला लागली.