वाटीतलं पाणी

मिस्त्रीने कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या पेट्रोलच्या वाटीचा स्क्रू सैल केला आणि खाली काचेचा ग्लास धरला. पेट्रोल बारीक धारेने उतरलं. ग्लास खिडकीपाशी नेऊन त्याने उजेडात तिरका केला, हलवला, पुन्हा पाहिला. पाणी असतं तर तळाशी वेगळं दिसलं असतं. पेट्रोल स्वच्छ होतं, नितळ. एअर फिल्टरही काढून पिळून पाहिला. ठणठणीत कोरडा. स्क्रू आवळून, किल्ली फिरवून बटण दाबलं, तर पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. त्याने घाईघाईने बंद केलं, कुणी ऐकू नये म्हणून.

जाड टायरांची ही चारचाकी एटीव्ही चिखलात, ओढ्यात कुठेही जायची, म्हणून तिला सगळे बेडकी म्हणत. कार्बोरेटरची हवेची नळी मिस्त्रीने उचलून थेट हँडलखाली बांधली होती, फिल्टरच्या झाकणाला कडेने ग्रीस भरलं होतं. ‘सीट बुडेपर्यंत ही बंद पडणार नाही, पडली तर पाना हातात धरणार नाही,’ असं तो छातीठोकपणे सांगत फिरायचा. लोक हसायचे. मिस्त्रीच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं.

परवा त्याच्या गरोदर बहिणीचं पोट दुखायला लागलं तेव्हा तो सुटे भाग आणायला शहरात गेला होता. डॉक्टरीणबाई ओढ्यापलीकडे राहायच्या आणि पूल दुरुस्तीसाठी उखडलेला. धाकटा भाऊ बेडकी घेऊन त्यांना आणायला निघाला. अंधार पडता पडता तो पायी परतला, एकटाच. गाडी मधोमध बंद पडली, पाणी आत शिरलं, असं म्हणाला. तोवर बाळ जन्मलं होतं. ते रडलंच नाही.

आज सकाळी ट्रॅक्टरने बेडकी ओढून गॅरेजात आणली. ट्रॅक्टरवाला सहज बोलून गेला, की मधोमध कुठली, ती तर अलीकडच्या काठालाच उभी होती, पाणी फूटबोर्डालाही लागलं नव्हतं. मिस्त्रीने त्याला चहा पाजला आणि हे कुणाला सांगू नकोस म्हणून विनवलं.

धाकट्याला पाण्याची भीती होती, अगदी लहानपणापासून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी त्याची थट्टा करून करून ते विसरूनही टाकलं होतं. मिस्त्रीला त्याचा राग आला, असा की हातातला पाना फेकावासा वाटला. मग धाकटा काठावर गाडीवर बसून राहिला असेल, समोरचं पाणी बघत, हे डोळ्यांसमोर आलं आणि रागाचं काय करावं ते कळेना.

बहिणीचा नवरा दुपारी गाडी बघायला येणार होता. त्याने निरोपच धाडला होता: गाडीने दगा दिला असेल तर नशीब म्हणू. पण धाकटा घाबरून मागे फिरला असेल, तर या जन्मात त्याचं तोंड बघणार नाही, मी नाही आणि तीही नाही. धाकटा तर बहिणीच्याच अंगाखांद्यावर वाढलेला.

धाकटा दाराशी स्टुलावर बसला होता. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

“काय झालं ते मला तरी सांग,” मिस्त्री हळूच म्हणाला.

“बंद पडली, दादा. मधोमध.”

तो वर न बघताच बोलला. मिस्त्रीने मान हलवली आणि त्याला फरसाण का काहीतरी आणायला कोपऱ्यावर पिटाळलं.

मग त्याने तळाचा स्क्रू घट्ट आहे ना ते पाहिलं. टायरच्या खाचेतला चिखल बोटाने खरवडून बादलीतल्या पाण्यात कालवला आणि हँडलखालच्या नळीतून ते पाणी थोडं थोडं आत सोडलं. थोडं बाहेर सांडलं. आयुष्यभर जे आत जाऊ नये म्हणून धडपडला, ते ओतताना त्याला कसंसंच झालं. शेवटी नळीची गाठ सोडून ती खाली लोंबकळत ठेवली.

बहिणीचा नवरा आला तो सरळ गाडीपाशी. त्याच्यामागून धाकटाही आला, हातात पुडी. मिस्त्रीने दोघांसमोर स्क्रू सैल केला. ग्लासात आधी गढूळ पाणी उतरलं, मग वर पेट्रोल तरंगलं. नवरा वाकून बराच वेळ बघत राहिला.

“नळी सुटली होती,” मिस्त्री म्हणाला. “गाठ माझीच. चूक माझी आहे.”

“थेंब जाणार नाही म्हणत होता तुम्ही.”

मिस्त्रीने ग्लास फळीवर ठेवला. नवऱ्याने डोळे पुसले, मग त्याच हाताने धाकट्याचा खांदा धरला. ती सारखी तुझी चौकशी करते, असं त्याला सांगितलं, चल म्हणाला. आणि मिस्त्रीकडे न बघता म्हणाला, “तुम्ही इतक्यात येऊ नका, दादा. तिला बघवणार नाही.”

धाकट्याची नजर ग्लासावर खिळली होती. ओढ्याचं पाणी गाडीत शिरलंच नव्हतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्याने एकदा मोठ्या भावाकडे पाहिलं. मिस्त्रीला वाटलं, आता हा बोलेल, आणि बोलू नये असंही वाटलं.

“मी म्हटलं होतं दादाला,” धाकटा बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, “की नळीची गाठ एकदा बघून घे म्हणून.”

नवऱ्याने मिस्त्रीकडे पाहिलं.

“हो,” मिस्त्री म्हणाला. “म्हणाला होता.”